टिकलीचं पीस

कोंबडी आभाळाकडं बघायला लागली की समजावं, काहीतरी बिनसलंय. कोंबडीच्या जातीला आभाळाशी काय देणंघेणं? तिचं सगळं जग खाली, मातीत. घार आली तर तेवढ्यापुरता एक डोळा वर लावायचा आणि पुन्हा उकरायला लागायचं. पण मोनालीची टिकली त्या दिवशी सकाळपासून न्हाणीच्या मागं बसून होती. मान पाठीला टेकलेली, चोच वर, आणि आभाळात तर एकही घार नव्हती.

"काय झालं गं बया तुला?" म्हणत मोनालीनं तिला उचललं. तशी ती मान हळूहळू पिळा घेत एका बाजूला आली. एक पाय ताठ, दुसरा लुळा, अंगाला बारीक कापरं. खाली ठेवली तर दोन पावलं मागं सरकली आणि कुशीवर पडली. शीट हिरवीगार.

मोनाली म्हटल्यावर कुणाला कॉलेजातली पोरगी वाटेल, पण ते दिवस गेले. ज्या काळात वारणाकाठच्या गावांत घरटी एक मोनाली नाहीतर प्राजक्ता जन्माला येत होती, त्या पोरींच्या आता आज्या झाल्यात. ही मोनाली आजी होऊन चार महिने झाले होते आणि तेवढ्यात ती पंचक्रोशीतली सगळ्यांत अनुभवी आजी झाली होती. नवरा विलास अकाली गेला. मुलगा अथर्व पठारावरच्या पवनचक्क्यांवर नोकरीला, तो शनिवारचा घरी यायचा. सून सानिकाला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपण माहेरी न होता इथंच झालं. "मी आहे ना तुझी आई," असं मोनाली तिला म्हणाली होती आणि ते तिनं मनापासून म्हटलं होतं. बाळंतिणीचे डिंकाचे लाडू, रात्रीचं हळदीचं दूध, नात रेवाची अंघोळ, धुरी, सहाणेवर उगाळलेली गुटी, कशात म्हणून तिनं कमी पडू दिलं नव्हतं.

आणि टिकली? टिकलीच्या आईला मुंगसानं नेलं तेव्हा हे एवढंसं पिल्लू मोनालीनं चुलीजवळ चपलांच्या खोक्यात वाढवलं होतं. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. बाकी सहा कोंबड्यांना अंगणात मूठभर दाणे. टिकलीला मात्र मोनालीच्या हातानं कणकेच्या गोळ्या. लाड म्हणजे लाड.

शेजारच्या बाबासो खोतांनी कुंपणावरून बघितलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांच्या शेडात दीडशे देशी कोंबड्या होत्या.

"वैनी, ही मानमोडी हाय. डोळं झाकून सांगतो."

"डोळं उघडून बगा की मग. बाकीच्या सहा कशा टुणटुणीत हायत त्या."

"आज न्हाईत, उद्या पडतील. आवं, मानमोडी न्हाईतर बर्ड फ्लू. दवाखान्यात नेलीसा आणि फ्लू निघाला, तर आख्ख्या गावच्या कोंबड्या गाडीत घालून नेत्यात. कायदा ठाव हाय न्हवं? माझी दीडशे पाखरं जातील. गुमान मुंडी मुरगाळा आणि परड्यात पुरा. मी खड्डा काढून देतो."

कायदा मोनालीला चांगलाच ठाऊक होता. दर हिवाळ्याला कुठं ना कुठं साथ उठायला लागल्यापासून तो कडक झाला होता. पाखराची मान, पाय, कापरं यांत काही वावगं दिसलं की तपासणी सक्तीची. रोग निघाला की भोवतालची सगळी पाखरं त्याच दिवशी खलास.

बाबासो वाईट माणूस नव्हते. खड्डा काढून देतो म्हणाले, ते खरंच काढून दिला असता. मोनालीनं टिकलीकडं बघितलं. टिकलीनं एका डोळ्यानं तिच्याकडं बघितलं आणि मान पुन्हा पाठीला लावली.

"पुरायचं मेल्यावर बघू," मोनाली म्हणाली, आणि टोपलीत गोणपाट, गोणपाटावर टिकली, कोपऱ्यात एका डबीत कणकेच्या चार गोळ्या आणि वर फडकं बांधून ती तालुक्याच्या बसला उभी राहिली.

जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर नसीम मुजावर होत्या. तिशीची बाई, बोलायला मोजकी, हात गायीला आणि कोंबडीला सारख्याच मायेनं लावणारी. त्यांनी हातमोजे घातले, घशातून कापूस फिरवला, पट्टीवर थेंब सोडला. मोनाली पट्टीवरनं नजर हलवत नव्हती. तिला आपल्या सहा कोंबड्या दिसत नव्हत्या; बाबासोंची दीडशे दिसत होती.

"फ्लू नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मानमोडीही नाही."

मोनालीनं लगेच बाबासोंना फोन लावला. पलीकडून आधी मोठा सुस्कारा आला, मग "मी म्हटलंच हुतं" असं आलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

पण मग आहे काय? डॉक्टरांनी कान बघितले, कानात पू नव्हता. डोक्यावर मार नव्हता. कोवळ्या पाखरांना लकव्याचा एक रोग होतो, पण टिकलीचं ते वय उलटलं होतं. एका जीवनसत्त्वाची तूट पडली तरी कोंबडी अशीच आभाळाकडं बघते, म्हणून त्यांनी ती सुई टोचली. मोनाली लगेच वाकून मान सरळ झाली का बघायला लागली.

"मावशी, पी हळद अन् हो गोरी, असं नसतं. थांबा थोडं," डॉक्टर हसल्या.

थांबून झालं. बरोबर आलेल्या दोन शेळ्या आणि एक कुत्रं बरं होऊन घरी गेलं. टिकलीची मान होती तिथंच राहिली. मग डॉक्टरांनी तिच्या पंखातलं एक लांब पीस उपटलं. टिकली जेमतेम कुरकुरली.

"हे ठिणगीवर लावू."

कोपऱ्यात शिलाई मशीनएवढं एक यंत्र होतं. त्याचं सरकारी नाव 'सूक्ष्मस्फुल्लिंग वर्णमापक' असं होतं आणि ते नाव सरकारशिवाय कुणीही घेत नव्हतं. सगळे त्याला ठिणगीच म्हणायचे, आणि गेल्या दोन वर्षांत ही यंत्रं तालुक्यातालुक्याला पोचली होती. डॉक्टरांनी पीस पट्टीवर चिकटवलं. प्रकाशाची सुईसारखी बारीक रेघ टोकापासून देठाकडं सरकायला लागली आणि जिथं जिथं टेकेल तिथं डोळ्याला जेमतेम दिसेल अशी ठिणगी उडायला लागली.

"पीस उगवत असतं तेव्हा त्याच्या नळीतनं रक्त वाहतं," डॉक्टर सांगत होत्या. "रोज थोडं थोडं वाढतं. त्या दिवशी रक्तात जे असेल त्यातलं कणभर त्या दिवसाच्या पिसात अडकून बसतं. वाढ पुरी झाली की नळी वाळते. मग आतलं बाहेर येत नाही, बाहेरचं आत जात नाही. नखावर पांढरा डाग पडला की तो महिनाभर पुढं पुढं सरकताना दिसतो ना? तसंच. टोक सगळ्यांत आधी उगवलेलं, देठ सगळ्यांत शेवटी. आणि प्रत्येक धातूच्या ठिणगीचा रंग वेगळा. आपल्याला कळत नाही, ह्याला कळतो."

पडद्यावर एक रेघ सरळ चालली होती. पिसाच्या मध्यावर आली आणि एकदम उभी राहिली. ती देठापर्यंत खाली उतरलीच नाही.

"शिसं," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचं हसू गेलं होतं. "हिच्या पोटात शिसं जातंय, मावशी. शिसं अंगात शिरताना कॅल्शियमचं सोंग घेतं. अंडी घालणारी कोंबडी कवचासाठी कॅल्शियम अधाशासारखं ओढते, त्याच्याबरोबर हेही ओढते. मग ते नसांत जाऊन बसतं. मेंदूचा निरोप मानेला, पायाला पोचत नाही. हिनं पिसं कधी गाळली होती?"

"दसऱ्याच्या टायमाला. अंगणभर पिसं झाली हुती."

"मग पिसाचा मध्य म्हणजे दिवाळी. दिवाळीला घरात नवीन काय आलं? रंग दिला? जुनी बॅटरी कुठं फुटली?"

रंग दिला नव्हता. बॅटरी नव्हती. फटाके गावानं केव्हाच सोडले होते. मोनाली आठवून आठवून दमली.

"शिशाबरोबर क्रोमियमही दिसतंय," डॉक्टर पडद्याला नाक लावून म्हणाल्या. "दोन्ही एकत्र म्हणजे भडक पिवळा रंग. पिवळं असं काही खाते का ही?"

मोनालीनं टोपलीतली डबी काढली. कणकेच्या गोळ्या पिवळ्याधमक होत्या. पिसं गाळून अशक्त झालेली टिकली दिवाळीपर्यंत सावरेना, तेव्हापासून, अंगात ताकद राहावी आणि मानमोडी लागू नये म्हणून, मोनाली त्यांत हळद घालत होती. चिमूटभर नाही, चांगली चमचाभर. बाकी सहांच्या वाट्याला ही गोळी कधी आली नव्हती.

डॉक्टरांनी गोळीचा तुकडा ठिणगीखाली ठेवला. रेघ लगेच उभी राहिली. पुढची खूण तर आणखी पक्की होती. शिशात हलके-जड कण असतात आणि खाणीखाणीप्रमाणं त्यांचं प्रमाण बदलतं. पिसातलं प्रमाण आणि हळदीतलं प्रमाण यांत केसाचाही फरक नव्हता.

"मावशी," डॉक्टर अगदी हळू म्हणाल्या, "घरात लहान मूल आहे?"

गोळीतली हळद ज्या पिशवीतली, त्याच पिशवीतलं हळकुंड गुटीतही होतं. वेखंड, जायफळ, मुरडशेंग आणि हळकुंड. सहाणेवर रोज सकाळी हळकुंडाचे दोन वेढे, आईच्या दुधात कालवून, रेवाच्या ओठांना बोट लावून. चार महिने.

तिनं तिथूनच घरी फोन लावला. "सानिका, गुटी देऊ नको. दूधपण... हळदीचं दूध घेऊ नको तू. पोरीला घेऊन दवाखान्यात ये. आत्ताच्या आत्ता."

सानिका आली. मुलांच्या दवाखान्यात रेवाच्या टाचेतून रक्त काढलं, सानिकाचंही काढलं. टाचेला सुई लागल्यावर रेवा रडली आणि खाटेच्या कडेला धरून मोनालीही तिच्याइतकीच रडली. रक्तातलं शिसं जास्त निघालं, दोघींच्याही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. पोरीला औषध लागेल, वर्षभर तपासत राहावं लागेल, पण वेळेत आलात. आणखी सहा महिने कुणाच्या ध्यानात आलं नसतं तर मेंदूवरचा परिणाम भरून निघाला नसता. मग डॉक्टरांनी विचारलं, कळलं कसं? कोंबडीमुळं, हे ऐकून त्यांनी चष्मा काढला.

घरी येईपर्यंत सानिकानं रेवाला मांडीवरून हलू दिलं नाही. दारात चपला काढताना बोलली.

"मी नको म्हणत होते ना, आई? पहिल्या आठवड्यात म्हटलं होतं, डॉक्टर नको म्हणतात, फक्त दूध द्या. तुम्ही काय म्हणालात? आमच्यात सगळ्यांना दिलीय, कोण मेलं?"

"म्हटलं हुतं मी," मोनाली म्हणाली. दुसरं काय म्हणणार? तिला स्वतःची किळस आली होती. ज्या बोटानं तिनं पोरीला गुटी चाटवली, ते बोट कुठं ठेवावं तिला कळेना.

"हळद कुणाची होती ते आपल्या दोघींनाही माहीत आहे," सानिका म्हणाली. "मुजावर मॅडम म्हणाल्या, शिसं सापडल्याचा अहवाल त्या पाठवणारच. पण हळद कुठली ते आपण सांगायचं. माहीत नाही म्हटलं की चौकशी तिथंच थांबते. सांगितलं तर त्या गिरणीतून गेलेलं पोतं न् पोतं परत आणतात. तुम्ही मामांचं नाव सांगणार का नाही, तेवढं मला कळू द्या."

मामा म्हणजे धैर्यशीलदादा, मोनालीचा थोरला भाऊ. नदीपलीकडच्या गावात त्याची हळदीची गिरणी. शिजवून वाळवलेली हळद मोठाल्या ड्रममध्ये फिरवून चकचकीत करायची आणि पुण्या-मुंबईला पाठवायची. विलास गेला तेव्हा अथर्व तिसरीत होता. तेव्हापासून अथर्वच्या शाळेपासून ते घराच्या पत्र्यापर्यंत दादा उभा होता. आणि दर भाऊबीजेला ओवाळणीच्या ताटात तो हळकुंडांची पिशवी ठेवायचा. दिवाळीत सूनबाई पोटुशी होती, म्हणून या वेळची पिशवी मोठी होती.

"मी आधी त्याला भेटते," मोनाली म्हणाली.

सकाळी टिकलीला सुई टोचून आणायची होतीच. शिसं बांधून बाहेर काढणारं ते औषध होतं आणि ते रोज द्यायचं होतं. तिथून टोपली घेऊनच ती नदीपलीकडच्या बसमध्ये बसली.

दादा गिरणीतून आला, अंगावर पिवळी धूळ. टोपली बघून हसला. "मोने, कोंबडी आणलीस व्हय? रस्सा करू म्हणतीस?"

मोनालीनं फडकं काढून टिकलीला त्याच्यासमोर फरशीवर ठेवलं. टिकली उभी राहायला गेली, मान पिळली, कुशीवर पडली. पंख फरशीवर फडफडत राहिले. मग मोनालीनं एका दमात सगळं सांगितलं. पीस, शिसं, हळकुंड, रेवाचं रक्त.

दादा तिथंच टिकलीजवळ खाली बसला. "पोरगी?"

"औषध चालू हाय. वाचली म्हणायची."

वृषालीवैनी चहा टाकत होत्या. मोनाली आत गेली, पाणी घ्यायला म्हणून. ओट्यावर मिसळणाचा डबा उघडा होता. त्यातली हळद मळकट होती, मातकट, तपकिरीकडं झुकलेली.

"वैनी, ही हळद?"

"ही व्हय? ही घरातल्या वापराची. आपल्याच शेतातली, पॉलिश न केलेली." वैनी साधेपणानं म्हणाल्या. "आपण घरचीच माणसं. आपल्याला मळकी चालती. भाऊबीजेला लेकीबाळींना तसली कशी द्यायची? लोक काय म्हणतील, एवढी गिरणी आणि बहिणीला मळकी हळद? तुमच्यासाठी म्हणून ह्यांनी मुद्दाम पुण्याला जाणाऱ्या मालातली निवडून काढली. सगळ्यांत पिवळी बघून."

मोनाली तिथंच ओट्याला धरून उभी राहिली. राग आणला असता तर आला असता, पण आला नाही. सगळ्यांत पिवळी बघून! दादा पोत्यात हात घालून, एकेक हळकुंड उजेडात धरून निवडताना तिला दिसला.

ती बाहेर आली. "दादा, ड्रममध्ये काय टाकतोस?"

"पावडर," दादा खाली बघून म्हणाला. "व्यापारी देतो. खायचा रंग म्हणून देतो. सगळेच टाकत्यात, मोने. चकाकी नसली तर गिऱ्हाईक बोट लावत न्हाई पोत्याला. जास्त न्हाई टाकत आम्ही."

"मग घरात का खात न्हाईस?"

दादा हातांवरची पिवळी धूळ पुसत राहिला. फरशीवर टिकलीचे पंख वाजत होते.

"पावडर आज बंद," शेवटी तो म्हणाला. "ड्रम धुऊन काढतो. पण गेलेला माल गेला. नाव निघालं तर गिरणीला कुलूप लागंल, मोने. बापानं काढलेली गिरणी. तू माहीत न्हाई म्हण. एवढंच कर."

"गेलेला माल कुणाच्या तरी सहाणेवर हाय आज, दादा."

"विलासराव गेले तवा तुला उभं कुणी केलं?"

"तू."

"मग?"

मोनालीला रडू कोसळलं. डोळे पुसून तिनं टिकलीला टोपलीत ठेवलं. "तू सोताहून कळव. दिवस मावळंपर्यंत मी काय बोलत न्हाई. मावळल्यावर मी कळवणार."

"कळव," दादा उठून उभा राहिला. "पण मग ह्या उंबऱ्याला पाय लावू नको."

दिवस मावळला. फोन वाजला नाही. मोनालीनं अंगणात टिकलीजवळ बसून मुजावर मॅडमना फोन लावला आणि भावाचं नाव, गावाचं नाव, गिरणीचं नाव नीट, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. सानिका दारात उभी राहून ऐकत होती. फोन ठेवल्यावर ती आत गेली, रेवाला घेऊन आली आणि तिला मोनालीच्या मांडीवर ठेवलं.

पोत्यांवर हल्ली खुणा असतातच. तेवढ्यावरून माल शोधत शोधत माणसं शहरांतल्या दुकानांपर्यंत आणि दुकानांतून घरांपर्यंत पोचली. आणखी सात-आठ घरांतल्या तान्ह्या पोरांच्या रक्तात शिसं निघालं, दोन घरांतल्या बाळंतिणींच्याही. पावडर विकणारा व्यापारी पकडला गेला. दादाच्या गिरणीला कुलूप लागलं, दंड बसला.

आणि गाव? गावाला विषय मिळाला. बाईनं कोंबडीपायी सख्ख्या भावाला बुडवलं, असं पाणवठ्यावर आणि फोनवर, दोन्हीकडं चाललं. बाबासोंनीसुद्धा एकदा कुंपणावरून विचारलं, "वैनी, जरा घाई झाली का वं?"

"तुमची दीडशे हायत न्हवं शेडात? मग गप बसा," मोनाली म्हणाली. बाबासो बसले.

टिकली हळूहळू चालायला लागली. मान कायमची थोडी डावीकडं कलली, कुणी हाक मारली आणि नीट ऐकू आली नाही म्हटल्यासारखी. तिची अंडी पुढचे कितीतरी महिने खायची नव्हती. ती पुरावी लागायची. रेवाचे आकडे प्रत्येक तपासणीत खाली येत गेले. ती पालथी पडली, बसली, टिकलीमागं रांगायला लागली. तिनं पहिल्यांदा बोटांत नेमकी पकडलेली वस्तू म्हणजे शेंगदाण्याचं फोलपट होतं, आणि त्या फोलपटावरून सासूसुनांनी मिळून अर्धा तास आनंद केला.

घरात एकच गोष्ट बदलली ती कायमची. हळदीचा कप्पा रिकामा राहिला. सानिकानं नवी आणू दिली नाही आणि मोनालीनंही मागितली नाही. वरण पांढरं, बटाट्याची भाजी पांढरी, पोहे पांढरे. अथर्व शनिवारी यायचा आणि आजाऱ्याचं जेवण जेवतोय असं तोंड करायचा, पण बोलायचा नाही.

रक्षाबंधनाला मोनालीनं राखी पाठवली. पोचली का नाही, कळलं नाही.

भाऊबीज आली. मोनालीनं सकाळीच ताट मांडलं. निरांजन, सुपारी, अक्षता, कुंकू. स्वयंपाक केला. दुपार झाली, कलली. दिवेलागणीला शेजारून बाबासोंची बायको येऊन गेली. जाताना हळूच म्हणाली, "वैनी, भाऊ न्हाई आला तर चंद्राला ओवाळत्यात बाया. दिसतोय बगा पश्चिमेला. बारीक हाय, लवकर मावळंल. घ्या ओवाळून."

"ज्यांना भाऊ न्हाई त्या ओवाळत्यात," मोनाली म्हणाली. "मला भाऊ हाय. जिता-जागता."

चंद्राची कोर उसाच्या शेताआड गेली. मोनाली ओसरीवरच बसून राहिली. सानिकानं निरांजनात दुसऱ्यांदा तूप घातलं.

आणि मग फाटकाशी स्कूटर थांबली.

दादा वाळला होता. अंगणात आला आणि उभाच राहिला, पायरी चढेना. टिकली मान कलती करून त्याच्या चपलेला टोच मारून गेली.

"वर ये," मोनाली म्हणाली.

तो पाटावर बसला. तिनं कुंकू लावलं, अक्षता लावल्या, ओवाळलं. निरांजन दोनदा विझता विझता राहिलं. ओवाळणी टाकायची वेळ आली तसा दादानं शर्टाच्या खिशात हात घातला आणि एक तांबूस पीस काढून ताटात ठेवलं.

"गिरणी उघडली परत, श्रावणात," तो म्हणाला. "कोंबड्या पाळल्यात मी. गिरणीतच. पोतं गाडीवर चढायच्या आधी त्यातली हळद त्यांच्या खाण्यात. दसऱ्याला पिसं गाळली, त्यावर हे नवं उगवलंय." मग पायाजवळची कापडी पिशवी त्यानं थोडी पुढं सरकवली. उघड्या तोंडातून आतली हळकुंडं दिसत होती. मळकी, मातकट. "पिशवी आज उघडू नगंस. आधी पीस ठिणगीवर लावून घे."

मोनालीनं सानिकाकडं बघितलं. सानिका पुढं झाली, ताटातलं पीस उचललं आणि रुमालात गुंडाळलं.

"उद्या नेते मी तालुक्याला," ती म्हणाली. "मामा, हात धुवा. पानं वाढली आहेत."

पानात भात होता, त्यावर पांढरं वरण. पांढरी बटाट्याची भाजी. पांढरी कोशिंबीर. पिवळं असं काहीच नव्हतं. दोन पिढ्यांचा हळदीचा व्यापारी त्या पानाकडं बघत बसला.

"कधीपास्नं?" त्यानं विचारलं.

"तवापास्नं," मोनाली म्हणाली.

दादानं भात कालवला. मग तो खाली मान घालून जेवत राहिला, पान निपटून काढलं, आणि पान पुढं करून म्हणाला, "वरण वाढ अजून."